पांढऱ्या मलमाचे मामा

जखमेवरची पट्टी सोडण्याआधी मामा परवानगी मागत. "उघडू का?" असं विचारत आणि उत्तर येईपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहत. समोर कारखान्यातला धिप्पाड कामगार असो, कोणी म्हातारी असो, नाहीतर अजून बोलायलाही न शिकलेलं बाळ असो. बाळाला विचारून काय उपयोग, असं मी एकदा हसत म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "बाय, जळलं तेव्हा त्याला कोणी विचारलं नव्हतं. आता तरी विचारू दे."

डहाणूहून तलासरीकडे जाताना रस्त्याला लागून आमचं छोटं रुग्णालय आहे. मामा तिथे ड्रेसर होते. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येई, एरवी सगळ्यांना ते मलममामा. उधवा गावचे. अंगानं काटक, रंगानं काळेसावळे, आणि हाताची नखं इतकी बारीक कापलेली की बोटांची टोकं लहान मुलासारखी गोल दिसायची. मी मसोलीची. वडील बोटीवर, आई बाजारात मासळी विकायला बसायची. औषधनिर्माण शास्त्राची पदविका घेऊन मी तिथे औषधांच्या खिडकीत बसू लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं येतं असं मला वाटत होतं.

ड्रेसिंगची खोली माझ्या खिडकीला लागूनच होती. मधल्या दारातून मला सगळं ऐकू यायचं. मामा एकच प्रश्न तीन भाषांत विचारत. मराठीतून "जळजळ होते का?", गुजराती आजी आली की "बळतरा थाय छे?", आणि पाड्यावरच्या माणसाशी ते पाड्यावरच्याच बोलीत बोलत. त्या बोलीत त्यांचा आवाजही बदलायचा, खाली उतरायचा. पुढचा प्रश्न ठरलेला असे: "काय खाल्लंत सकाळी?" उपाशी माणसाचं ड्रेसिंग ते करत नसत. स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी पुढे करत. डॉक्टर कधी घाई करत, "मामा, बाहेर रांग आहे." मामा म्हणत, "साहेब, उपाशी माणसाला दुखणं जास्त लागतं."

आमच्याकडे भाजलेली माणसं फार येत. वीटभट्टीवरची, चुलीवरची, वाफेनं पोळलेली कारखान्यातली, थंडीत शेकोटीजवळ झोपलेली पोरं. येण्याआधी प्रत्येकानं काहीतरी लावलेलं असे. कोणी टूथपेस्ट, कोणी शाई, कोणी राख, कोणी शेण. नवीन सिस्टर असल्या की त्या आधी ओरडत. मामा कधी ओरडले नाहीत. "घरात जे होतं ते लावलंत," असं म्हणत ते कोमट सलाईननं एकेक थर भिजवत बसत. "तुमच्यानं नुसतं बघवलं नसेल. पण पुढच्या वेळी आधी पाणी. साधं, वाहतं पाणी. भात शिजायला लागतो तेवढा वेळ हात पाण्याखाली. मग इकडे या." त्यांच्या हातातली पट्टी कधी खस्सकन निघाली नाही. चिकटलेला गॉज सुटेपर्यंत ते पाण्याचे थेंब सोडत आणि रुग्णाच्या गावची पिकंपाणी विचारत.

आणि त्यांचं ते पांढरं मलम. पुस्तकी नाव झिंक ऑक्साईडचं मलम, मामा त्याला सरळ जस्त म्हणत. तयार मलमाच्या बरण्या यायला उशीर झाला की डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी ते काचेवर घोटायची. जस्ताची पांढरी पूड चाळायची, पेट्रोलियम जेलीत थोडी थोडी मिसळायची, स्टीलच्या सपाट पट्टीनं घोटत राहायचं. मामा येऊन चिमूटभर मलम अंगठा नि बोटात चोळून बघत. "रवाळ लागतंय, बाय. नव्या कातडीला हा खडा टोचेल." मी पुन्हा घोटायची. पहिल्या वर्षी मला त्याचा राग यायचा. दुसऱ्या वर्षी मीच चोळून बघू लागले.

हे मलम कुठे लावायचं याबद्दल ते फार काटेकोर होते. खोल जखमेवर नाही. ताज्या भाजलेल्यावर तर डॉक्टरांनी बघेपर्यंत नाहीच, कारण पांढऱ्या थराखाली जखम किती खोल आहे ते कोणालाच दिसत नाही. जखमेतून पाणी झरून कडेची चांगली कातडी भिजते, पांढरी पडून सोलते, तिथे कडेनं जस्ताचा पट्टा द्यायचा. आणि जखम भरून वर गुलाबी, पातळ कातडी आली, तिला खाज सुटली, की तिथे. "जस्त म्हणजे कुंपण," ते म्हणायचे. "वाडीत काय लावायचं ते डॉक्टर ठरवणार. आपण गुरं आत शिरू द्यायची नाहीत, एवढंच." जुना थर काढतानाही ते खरवडत नसत. कापसाला गोडं तेल लावून वरचा मळलेला थर तेवढा पुसत, खालचा स्वच्छ थर तसाच राहू देत.

एकदा ते मसोलीला आमच्या घरी आले होते. बोट दुरुस्तीसाठी वर ओढलेली होती. वडिलांनी त्यांना बोटीच्या तळाशी, पाण्यात फिरणाऱ्या पंख्याजवळ ठोकलेली जस्ताची वडी दाखवली. खाऱ्या पाण्यानं ती अर्धी खाऊन टाकली होती. "ही झिजते म्हणून पंखा वाचतो," वडील म्हणाले. मामा उकिडवे बसून बराच वेळ त्या वडीकडे बघत राहिले. मग त्यांनी त्या खडबडीत धातूवरून हळूच बोट फिरवलं. वडील नंतर मला म्हणाले, "तुझा मामा जखम बघावी तसा बघत होता."

आता कमळीची गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय मामा पुरते सांगून होत नाहीत, आणि मला ती टाळायची सवय लागली आहे.

कमळी डोंगराकडच्या एका पाड्यावरची. पेजेचं भांडं उतरवताना तिचा हात मनगटापासून कोपरापर्यंत पोळला होता. वरवरचं भाजणं होतं. ती रोज सात-आठ किलोमीटर चालत यायची, मामा तिची पट्टी बदलायचे, आणि तीन आठवड्यांत हात स्वच्छ झाला. शेवटच्या दिवशी खाजेसाठी मामांनी तिला मलम द्यायला सांगितलं. खिडकीवर मोठी रांग होती. मी डबीत मलम भरलं, डबीवर छापील चिठ्ठी चिकटवली, "बाहेरून लावण्यासाठी", आणि डबी पुढे सरकवली. तिच्या तोंडाकडे मी बघितलंही नाही. तिला वाचता येत नव्हतं. ते मला ठाऊक असायला हवं होतं, कारण तीन आठवडे ती केसपेपरावर अंगठा उठवत होती.

दोन महिन्यांनी, ऐन थंडीत, ती पुन्हा आली. या वेळी तिच्या कडेवर तिची मुलगी होती. जानू, सहा वर्षांची. उजवा हात जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला, अंग तापलेलं. आठ दिवसांपूर्वी पोरगी शेकोटीच्या निखाऱ्यांत हात टेकून पडली होती.

मामांनी जानूला विचारलं, "उघडू का?" तिनं मान हलवली. त्यांनी चिंधी भिजवली, सोडवली. खाली सगळा हात पांढराशुभ्र होता. जाड थर, मनगटापासून नखांपर्यंत.

"तुमचाच मलम लावला, मामा," कमळी म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. चांगलं काम केल्यासारखं ती सांगत होती. "रोज लावला. माझा हात कसा साफ झाला. डबी संपली म्हणून आली."

मामांचे हात थांबले. मी दारात उभी होते. त्यांचे हात असे थांबलेले मी आधी कधी पाहिले नव्हते.

तेलाच्या कापसानं थर पुसायला त्यांना तासभर लागला. खाली जखम खोल होती, पिकलेली होती, आणि चार बोटं एकमेकांना चिकटायला लागली होती. वेळेवर आली असती तर प्रत्येक बोट वेगळं बांधता आलं असतं. डॉक्टर आले, त्यांनी बघितलं, आणि ते कमळीवरच भडकले. "आठ दिवस काय करत होतीस? अक्कल आहे का? पोरीचा हात घालवलास!" कमळी जमिनीकडे बघत उभी राहिली. तिला अजून काय झालंय ते कळलं नव्हतं.

मामा उठले. "साहेब, तिला बोलू नका. चूक माझी आहे. मलम कुठं लावायचं ते मी सांगितलं. कुठं लावायचं नाही ते सांगायचं राहिलं."

डबी माझ्या हातून गेली होती. औषध कसं वापरायचं ते समजावून सांगणं हे माझं काम, त्यासाठीच मला तिथे बसवलेलं. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. नोकरी नवीन होती, डॉक्टरांचा चेहरा लाल झाला होता, आणि मामांनी सगळं स्वतःवर घेतलंच होतं. मी खिडकीत जाऊन बसले आणि पुढच्या माणसाला गोळ्या दिल्या.

जानूला मोठ्या शहरातल्या रुग्णालयात पाठवावं लागलं. कमळीचा नवरा भट्टीवर होता, शहरात तिचं कोणी नव्हतं. मामांनी रजा टाकली आणि बरोबर गेले. दोन ऑपरेशनं झाली, मांडीची कातडी काढून हाताला लावली. दोन बोटं मोकळी झाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं राहिलं ते राहिलंच.

परत आल्यावर मामा तेच होते, पण काम बदललं. मलमाची डबी हातात दिली की ते माणसाला समोर बसवत. "सांगा, हे कुठं लावायचं?" तो सांगे. "आणि कुठं नाय लावायचं?" त्याचं उत्तर नीट आल्याशिवाय ते डबीवरचा हात उचलत नसत. लोक चिडायचे, गाडी चुकायची. "दुसरी येईल," मामा म्हणत. आठवडी बाजाराच्या दिवशी ते पाण्याची बादली आणि तांब्या घेऊन बाजाराच्या तोंडाशी उभे राहत, आणि स्वतःच्या हातावर पाणी ओतत राहत. "भाजला तर हे. दुसरा काय नाय." पोरं हसायची. एकदा एका बाईनं विचारलं, काय विकतोस रे बाबा? मामा म्हणाले, "पाणी. फुकट."

जानूला ते महिन्यातून एकदा बोलवून घेत. नव्या कातडीला तेल चोळत, वाकड्या बोटांना ताण देत, टेबलावर चिंचोके पसरून तिला एकेक उचलायला लावत. ती रडायला लागली की थांबत. "उद्या करू," म्हणत, आणि उद्या म्हणजे पुढचा महिना हे दोघांनाही माहीत असे. कमळी बाजूला बसून बघायची. मग तिची आणि मामांची दबक्या आवाजात काहीतरी बाचाबाची चाले. पाड्यावरच्या बोलीत, भरभर. मला ती कळत नसे आणि मी कधी विचारलंही नाही.

मामा निवृत्त झाले तेव्हा आम्ही शाल दिली, नारळ दिला. बोलायला उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "ज्यांचं दुखलं त्यांनी माफ करा." लोकांना वाटलं, नम्रपणा.

मागच्या पौषात ते फार आजारी आहेत असं कळलं म्हणून मी उधव्याला गेले. छातीचं दुखणं होतं. खाटेवर बसलेले, पाठीला उशी. हात मात्र तसेच, नखं बारीक कापलेली. मी म्हटलं, "मामा, किती माणसं बरी केलीत तुम्ही." त्यांनी मान हलवली. "ती आठवत नाहीत, बाय. बरा झालेला हात माणूस घरी घेऊन जातो. तो एक आठवतो." मला वाटलं, आता सांगावं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "त्यात तुमची चूक नव्हती." ते माझ्याकडे बघत राहिले. "असं नको बोलू. ती मला राहू दे. तिच्यामुळे पुढं मी नीट वागलो." त्यांच्या बायकोनं चहा आणला, आणि मी चहा पिऊन परत आले. सांगितलं नाहीच.

माघात मामा गेले.

त्यानंतर तीन महिन्यांनी, वैशाखात, दुपारच्या वेळी रुग्णालयासमोर जीप थांबली आणि कमळी उतरली. केस पांढरे झालेले, अंग वाळलेलं. कडेवर बहिणीची नात होती, तीन वर्षांची. पोरीच्या पोटरीवर कढत आमटी सांडली होती. पाय ओल्या फडक्यात होता आणि फडक्यातून पाणी निथळत होतं.

"काय लावला नाय," ती आत येता येता म्हणाली. "हापशीखाली धरला, मग जीपमध्ये घातली. कुठं हाय मामा?"

भट्टीवरून ती चारच दिवसांपूर्वी परतली होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं. नव्या ड्रेसर मुलीनं पोरीचा पाय साफ केला. वरवरचं होतं, डॉक्टर म्हणाले, "दहा-बारा दिवसांत बरं होईल, डागसुद्धा राहायचा नाही. फार लवकर आणलीत." कमळीनं पोरीला बरोबर आलेल्या बहिणीच्या हवाली केलं आणि मला म्हणाली, "मला त्याच्या घरी ने."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. उधव्याला मामांच्या ओटीवर कमळी त्यांच्या बायकोसमोर बसली. मग कमळी म्हणाली, "जानूनं गेल्या पावसात भाताची आवणी केली. त्याच हातानं." मामांच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. "आधी आली असतीस तर ऐकून गेले असते," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. कमळीनं मान खाली घातली.

परतीच्या जीपमध्ये मागे आम्ही दोघीच होतो. रस्त्याकडेला ताडाची झाडं मागे पळत होती. कमळी बाहेर बघत बोलू लागली, माझ्याशी की स्वतःशी ते कळेना.

"तो म्हणायचा, चूक माझी. मी म्हणायची, माझी. मीच लावला ना मलम? दर महिन्याला आमचा हाच भांडण. तो ऐकायचा नाय, मी पण ऐकायची नाय." ती थांबली. "आता भांडायला कोण? सगळी माझ्याकडंच राहिली."

बारा वर्षं जे वाक्य माझ्या तोंडात अडकलं होतं ते तेव्हा बाहेर पडलं. "कमळीताई, डबी मी दिली होती. सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं नाही. आणि त्या दिवशी डॉक्टर बोलत होते तेव्हाही मी गप्प राहिले."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा बदलला नाही.

"माहीत हाय," ती म्हणाली. "खिडकीत तूच व्हती. मी आंधळी हाय काय?"

"मग मामांना सांगितलं नाहीत?"

"त्याला पण माहीत व्हता. तो बोलला, पोर लहान हाय, तिला नको बोलू. तिची ती शिकंल."

मला रडू आलं. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि नजर वळवली. कमळीनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, समजूतही घातली नाही. तिचा फाटा आला तशी तिनं जीप थांबवली, खाली उतरली, लुगडं सारखं केलं.

"परवा पोरीला आणते पट्टीला," ती म्हणाली. "तू असशील ना?"

मी हो म्हटलं. ती पाड्याच्या वाटेला लागली आणि जीप सुटली.